कोपऱ्यावरची गिरण आणि महिन्याच्या पिठाचा हिशेब

घरी चांगले खायचे म्हणजे खिसा सैल सोडावा लागतो, असे आमच्या सोसायटीत हल्ली सर्रास ऐकू येते. असे म्हणणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले, तर त्यांचे म्हणणे अगदीच खोटे वाटत नाही, कारण तिथे ज्वारीचे पीठ अर्ध्या किलोच्या चकचकीत पाकिटात असते, नाचणीचे त्याहून छोट्या पाकिटात असते आणि थालीपिठाची भाजणी तर औषधासारखी मोजून वापरली जाते. आमच्याकडे मात्र हे सगळे कोथरूडमधल्या एका कोपऱ्यावरच्या गिरणीतून येते. गेल्या वर्षी बायकोचा खांदा दुखावला आणि दळणाचे डबे उचलण्याचे काम माझ्याकडे आले. माझी नोकरी हिशेबखात्यात गेली असल्यामुळे पहिल्याच महिन्यात वही घातली. हे परीक्षण त्या गिरणीचे आहे आणि त्यातले आकडे त्या वहीतले आहेत.

गिरण म्हणजे एक अरुंद गाळा आहे. आत तीन यंत्रे आहेत: एक गव्हाचे, एक ज्वारी-बाजरीचे आणि कोपऱ्यातले लहान यंत्र डाळी आणि भाजणीचे. छताचा पंखा, भिंतीवरचे कॅलेंडर आणि गिरणीवाल्या काकांच्या भुवया अशा सगळ्यांवर पिठाचा सारखाच थर असतो. दारात डब्यांची रांग असते, प्रत्येक डब्यात धान्यावर एक चिठ्ठी खोचलेली असते आणि त्या चिठ्ठीवर नाव कमी, सूचना जास्त असतात. 'भाकरीचे, बारीक', 'लाडवाचे, रवाळ', 'पुरणपोळीसाठी, अगदी मऊ', 'थालीपिठाचे, किंचित भरड' अशा चार शब्दांवर काका दगडांमधले अंतर कमीजास्त करतात आणि यंत्राच्या तोंडाशी हात धरून, अंगठा आणि तर्जनीत पीठ चोळून ते बरोबर पडते आहे की नाही हे पाहतात. पाकीट विकत घेणाऱ्याला ही मुभा कोणत्याच दुकानात नाही. दर फळ्यावर लिहिलेले आहेत. गहू, ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना किलोला ८ रुपये, तांदळाला १०, डाळी आणि भाजणीला १५.

आता हिशेब. आधी गव्हाचा सांगतो, कारण तिथे माझा अंदाज साफ चुकला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून मी लोकवन गहू या हंगामात ४० रुपये किलोने आणला. दळणाचे ८ धरून पीठ ४८ रुपयांना पडले, आणि दळताना पाच किलोमागे शे-सव्वाशे ग्रॅम तूट येते ती धरली तर ४९. कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या गव्हाच्या पिठाचे पाच किलोचे पाकीट किलोला ४७ रुपयांनी मिळते. म्हणजे गव्हात मी दोन रुपये तोट्यात आहे. मोठ्या कंपन्या हंगामात गाडीच्या गाडी गहू उचलतात, तिथे माझी पन्नास किलोची गोणी काय टिकणार. पोळी गिरणीच्या पिठाची जास्त मऊ होते असे घरातल्यांचे म्हणणे आहे आणि ते मला मान्य आहे, पण केवळ पैसे वाचवायचे म्हणून कोणी गव्हाचे दळण आणायला निघाले असेल, तर त्याने घरी बसावे.

ज्वारीचे गणित उलटे आहे. मालदांडी ज्वारी मला ५८ रुपयांनी मिळाली, दळून ६६ झाली. तेच पीठ अर्ध्या किलोच्या पाकिटात किलोला ११५ रुपयांच्या भावाने पडते. नाचणी ५० अधिक ८, म्हणजे ५८ रुपये, पाकिटात ११०. आणि इथे प्रश्न नुसता पैशांचा नाही. गव्हात ग्लुटेन हे चिकट प्रथिन असते, त्यामुळे त्याचे पीठ चार दिवस जुने असले तरी कणीक धरून राहते. ज्वारीत ते नसते. तिची सारी मदार पिठाच्या ताजेपणावर आणि गरम पाण्यावर असते. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना ती मधोमध दुभंगते आणि करणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. आमच्या शेजारच्या नव्या सुनेने दोन महिने पाकिटातल्या पिठाच्या भाकऱ्या थापून 'हे माझ्या हाताला नाहीच' असा निकाल स्वतःवर लावला होता. त्याच आठवड्यात दळलेले वाटीभर पीठ मी तिला दिले आणि तिची पहिलीच भाकरी तव्यावर टम्म फुगली. पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते. ती पीठ खराब न होण्याची मुदत असेल, पण विरी त्याच्या किती आधी गेली, हे कुठल्याच पाकिटावर छापत नाहीत.

बाजरीचे त्याहून कडक आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्यामुळे दळल्यावर तिचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागते. काका स्वतःच बजावतात, "साहेब, बाजरी एक किलोच टाका, पुढची पुढच्या आठवड्यात." ज्याचे पोट किलोवर भरते तो माणूस गिऱ्हाइकाला कमी दळ म्हणून सांगतो, याची नोंद परीक्षणात करायलाच हवी.

सर्वात मोठी तफावत भाजणीत आहे. आमच्या घरचे प्रमाण असे: ज्वारी आणि बाजरी अर्धा-अर्धा किलो, गहू, तांदूळ, हरभराडाळ आणि सालीचे उडीद प्रत्येकी पाव किलो, धने १०० ग्रॅम आणि जिरे २५ ग्रॅम. हे सगळे १५० रुपयांत बसले, दळणावळ ३० रुपये, गॅसचे १० धरले, आणि साधारण दोन किलो भाजणी १९० रुपयांत झाली. बाजारात तयार भाजणी अर्ध्या किलोला १२० रुपये, म्हणजे दोन किलोला ४८० रुपये. पण तयार भाजणी अडीचपट महाग पडते ती उगाच नाही. प्रत्येक धान्य वेगळे, मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत भाजावे लागते. उडीद घाई केली की बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. तांदूळ फुलून पांढरा झाला की थांबायचे असते. पहिल्यांदा मला सव्वा तास लागला, शर्ट घामाने भिजला आणि धने लागले, म्हणजे करपले. त्या महिन्याचे थालीपीठ सगळ्यांनी निमूटपणे खाल्ले.

चौघांच्या घराला महिन्याला दहा किलो गहू, सहा किलो ज्वारी, दोन किलो नाचणी आणि दोन किलो भाजणी, असे आमचे मान आहे. बाजरी फक्त थंडीतली, म्हणून ती बाजूला ठेवली. गिरणीच्या वाटेने, दळणातली तूट न धरता, हे ११८२ रुपयांत होते, पाकिटांच्या वाटेने १८६० रुपयांत. वाचतात ६७८ रुपये. धान्य आणणे, निवडणे, डबे नेणे-आणणे आणि भाजणी भाजणे यांत माझे महिन्याचे सुमारे सहा तास जातात, म्हणजे तासाला ११३ रुपये सुटतात. मी निवृत्त आहे, मला हा दर परवडतो. माझ्या आईने हे काम चाळीस वर्षे केले आणि आमच्या घरच्या कुठल्याही वहीत त्या तासांचा रकाना नव्हता. 'पूर्वी घरी किती स्वस्तात चांगले खात होतो' असे म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या पुरुषांना मी हल्ली एवढेच विचारतो की दळण कोण आणत असे.

गिरणीच्या रांगेत आणखी एक हिशेब उभा असतो. जवळच्या वस्तीतल्या बायका रेशनचा गहू घेऊन येतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली हा गहू दोन रुपयांनी आणि तांदूळ तीन रुपयांनी मिळायचा, जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य महिन्याला मिळते. त्यांच्या लेखी पिठाची किंमत म्हणजे फळ्यावरचे आठ रुपयेच. पण ज्वारी आमच्या भागातल्या रेशनवर सहसा नसते, आणि ५८ रुपयांची ज्वारी त्यांच्या डब्यात क्वचितच दिसते. काका सोलापूरकडचे आहेत. त्यांच्या लहानपणी गव्हाचे दळण सणावारी येत असे आणि भाकरी रोजची होती. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या घरी रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीच्या, भाकरी झाल्या, त्या त्यांची आई शेवटपर्यंत विसरली नाही. "आता ज्वारी मोटारीतून येते," असे ते एकदा डबा उतरवताना म्हणाले आणि माझ्या डब्याकडे बघून हसले. शेतकरी ऊस आणि सोयाबीनकडे वळला, ज्वारीची काढणी मजुरांअभावी जड झाली, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे होईपर्यंत गरिबाची भाकरी गव्हाच्या पोळीहून महाग झालेली होती.

तरीही माझ्या वहीतले एक पान मी पुराव्यादाखल ठेवले आहे. एका रात्री चौघांसाठी आठ भाकऱ्या केल्या, भाकरीला ८० ग्रॅम धरून ६४० ग्रॅम पीठ, ४२ रुपये. पिठल्याला दीडशे ग्रॅम बेसन लागले. हरभराडाळ ९२ रुपये किलोने आणून गिरणीतच दळलेली असल्यामुळे ते १६ रुपयांचे झाले. कांदा, लसूण, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि तेल यांचे २२ रुपये. एकूण ८० रुपयांत चार माणसे पोटभर जेवली, आणि ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा जो आवश्यक घटक कमी पडतो तो हरभऱ्याने भरून निघाला, ही वरकड कमाई. हॉटेलात पिठलं-भाकरीच्या एका थाळीला यापेक्षा जास्त पैसे पडतात आणि भाकरी येईपर्यंत गार झालेली असते.

आता गिरणीचे दोष. पहिला दोष म्हणजे पीठ तापते. संध्याकाळी गर्दीच्या वेळी यंत्र सलग चालते आणि डबा हाताला चटका बसेल इतका गरम येतो. घरी आल्यावर झाकण उघडे ठेवून, परातीत पसरून पीठ निववले नाही, तर वाफ धरून त्याला वास येतो. एकदा मी डबा तसाच मिटून गावाला गेलो आणि परत आल्यावर चार किलो पीठ टाकावे लागले. दुसरा दोष टाकीचा. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करावे लागते, आणि त्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येते. काका आधी स्वतःचे टाकाऊ धान्य फिरवतात खरे, पण एका महिन्यात ते पुरेसे फिरवले गेले नसावे, कारण आमच्या पोळ्या दोन दिवस दाताखाली कचकचत होत्या. सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता तेवढा गहू भरून दिला.

तिसरा दोष दोष नाही, मर्यादा आहे, पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी ती सर्वात महत्त्वाची आहे. ज्वारीचे यंत्र वेगळे असले तरी गाळा एकच आहे, हवेत गव्हाचे पीठ उडत असते आणि घाईच्या दिवशी कोणाचा तरी गहू त्या यंत्रातही जातो. ज्यांना सिलिॲक आजारामुळे गहू पूर्ण वर्ज्य आहे, त्यांनी अशा कुठल्याही सार्वजनिक गिरणीतले पीठ वापरू नये. त्यांच्यासाठी घरगुती चक्की हा खर्च नसून गरज आहे. बाकीच्यांनी ती घेण्याआधी एवढे बघावे की अठरा हजारांची चक्की, महिन्याची १७४ रुपयांची दळणावळ वाचवून, वीज न धरताही साडेआठ वर्षांनी फिटते.

पाकिटातल्या 'मल्टिग्रेन' पिठाबद्दल एकच वाक्य पुरे आहे: मी ज्या पाकिटाची बारीक अक्षरे भिंग लावून वाचली, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास गहूच होता. दहा किलो गव्हात एक किलो नाचणी-ज्वारी मिसळून तेच पीठ गिरणीत आठ रुपये किलोने दळून मिळते.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. गिरण सकाळी साडेनऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उघडी असते, गुरुवारी बंद. डबा आपला न्यावा, झाकणावर आणि डब्यावर अशी दोन्हीकडे नावे घालावीत, कारण झाकणांची अदलाबदल ठरलेली आहे. सुट्या पैशांसाठी काका खोळंबून ठेवत नाहीत, भिंतीवर क्यूआर कोड आहे, मात्र त्यावरचे पीठ पुसून घ्यावे लागते. उपासाचे राजगिरा आणि वरी यंत्र धुऊन-पुसून फक्त सोमवारी सकाळी दळतात, आणि आषाढी एकादशीच्या आधीच्या सोमवारी रांग शेजारच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेलेली असते, तेव्हा डबा शनिवारीच नेऊन ठेवलेला बरा.