घरगुती बिअरची उपकरणे: आधी काय घ्यावे, कशासाठी थांबावे

घरी बिअर करायची असे ठरले की बहुतेकांची नजर आधी चकचकीत स्टीलच्या मोठ्या भांड्यांवर जाते. माझ्या मते खरेदीचा क्रम याच्या उलट असावा. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, तो उकळून थंड करण्याचे काम एका दुपारी उरकते. पुढचे दोन आठवडे मात्र सगळा कारभार यीस्टच्या हाती असतो आणि बिअर साधते की बिघडते हे प्रामुख्याने त्या काळातच ठरते. म्हणून येथे पहिला विचार फर्मेंटरचा, म्हणजे वर्ट ज्यात आंबते त्या भांड्याचा, आणि तापमानाचा केला असून सर्व आकडे १९ लिटरच्या एका घाण्यासाठी आहेत.

खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप) बसवता येईल अशी बादली हलकी असते, स्वस्त पडते आणि तिचे तोंड रुंद असल्यामुळे हात आत घालून तळ पुसता येतो. तिचा शत्रू एकच, तो म्हणजे ओरखडा. माझी पहिली बादली मी सवयीने तारेच्या घासणीने घासली. पुढच्या घाण्याचे झाकण तीन आठवड्यांनी उघडले, तेव्हा वर दुधाच्या सायीसारखा सुरकुतलेला पांढरा पापुद्रा आणि आंबूस वास होता. ओरखड्यांत जिवाणू दडून बसतात आणि निर्जंतुक करणारे द्रावण तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे अशी बादली मऊ फडक्यानेच पुसावी आणि चरे दिसू लागले की बदलावी. शिवाय प्लॅस्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपत असल्याने महिनोन्‌महिने मुरवायच्या बिअरसाठी ती उपयोगाची नाही.

काचेच्या कार्बॉयमध्ये, म्हणजे अरुंद मानेच्या मोठ्या बाटलीत, हे दोन्ही दोष नाहीत आणि आत फेस कसा चढतो हे पाहण्याची मजा निराळीच. परंतु भरलेला कार्बॉय २५ किलोच्या आसपास भरतो, ओल्या हातातून निसटला तर गंभीर इजा होऊ शकते, आणि अरुंद मानेमुळे आतला थर वाकड्या ब्रशने खरवडत बसावे लागते. उजेडामुळे हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधील) घटकांना उग्र वास येतो, म्हणून तो झाकूनही ठेवावा लागतो. मी तो कोणालाच सुचवत नाही. स्टीलचा शंकूच्या तळाचा फर्मेंटर टिकाऊ असतो आणि तळाशी बसलेले यीस्ट तोटीतून काढून टाकता येते. मात्र प्रत्येक घाण्यानंतर तोट्या आणि रबरी वायसर सुटे करून धुण्याची चिकाटी नसेल, तर तो साध्या बादलीपेक्षाही अस्वच्छ राहतो.

तापमानाची बाब याहून महत्त्वाची आहे. एल, म्हणजे तुलनेने उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते, पण किण्वनाची स्वतःची उष्णता असते आणि जोर धरल्यावर फर्मेंटरच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर जाते. मर्यादा ओलांडली की बिअरमध्ये घशाला झोंबणारी, नेलपॉलिशची आठवण करून देणारी चव उतरते. पाण्याच्या टबात फर्मेंटर ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहणे हा उपाय चालतो, फक्त त्यासाठी माणूस घरी हवा. जुना फ्रीज आणि तापमान नियंत्रक ही जोडी अधिक भरवशाची. नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबता न ठेवता फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून जाड फडके बांधावे. ८ ते १३ अंशांवर आंबणारी लागर प्रकारची बिअर करायची असेल, तर फ्रीजला पर्याय नाही.

उकळण्याचे भांडे पद्धतीवर ठरते. तयार माल्ट अर्क वापरून उरलेले पाणी नंतर घालणार असाल, तर १५ लिटरचे पातेले पुरते. दळलेले माल्ट कापडी पिशवीत घालून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायचे असेल, तर पाच किलो माल्ट, त्याने शोषलेले पाणी आणि वाफेने होणारी घट धरून ३५ ते ४० लिटरचे भांडे लागते. विजेवर चालणारे एकत्रित यंत्र तापमान आपोआप राखते ही सोय मोठी आहे, पण घरातील वायरिंग त्याचा भार पेलते का, हे आधी तपासावे.

हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन-चार थेंब पुरतात, तथापि मद्यार्क तयार झाल्यावर त्याचा आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. हायड्रोमीटरचा आकडा १.०५० वरून १.०१० वर येऊन दोन-तीन दिवस तिथेच थांबला, तर मद्यार्क सुमारे सव्वापाच टक्के झाला आणि किण्वन संपले असे धरता येते. ही खात्री न करता बाटलीत फसफस येण्यासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या, तर त्या फुटू शकतात.

अर्ध्या लिटरच्या ३८ बाटल्या धुणे कंटाळवाणे असते आणि १९ लिटरचा केग, म्हणजे बिअर साठवायचे धातूचे पिंप, त्यातून सुटका करतो. परंतु केगसोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि वायूचा दाब आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर येतो, आणि केग थंडगार ठेवावा लागतो. एकाच फ्रीजमध्ये २० अंशांवरचा फर्मेंटर आणि ४ अंशांवरचा केग एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून दुसऱ्या फ्रीजची सोय होईपर्यंत बाटल्याच बऱ्या.