दूरशिक्षणातील एम.ए. इतिहास : ‘भारतीय समाज आणि संस्कृतीचा इतिहास’ या विषयाचे परीक्षण

नोकरी सांभाळून इतिहासात पदव्युत्तर पदवी घ्यायची, असे मनाशी धरलेली माणसे कोल्हापुरात कमी नाहीत. माध्यमिक शाळांतील शिक्षक, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली, बँकेतून निवृत्त झालेले हौशी वाचक, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या गृहिणी असा सगळा गोतावळा दूरशिक्षणाच्या रविवारच्या वर्गात भेटतो. असाच एक अभ्यासक्रम मी येथील एका अभ्यास केंद्रातून पूर्ण केला असून, त्यातील ‘भारतीय समाज आणि संस्कृतीचा इतिहास’ या एकाच विषयाबद्दल येथे लिहीत आहे. इतर विषयांत छापील पुस्तक आणि मागील प्रश्नपत्रिका एवढ्यावर निभावते. या विषयात पुस्तक अर्ध्या वाटेवर सोडून देते. उरलेली अर्धी वाट मात्र कोल्हापूर शहरातूनच जाते, आणि ती कोणी दाखवत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

प्रथम पुस्तकांविषयी. प्रवेशानंतर ‘स्वयंअध्ययन साहित्य’ या नावाने जे संच मिळतात, त्यांची मांडणी ठरावीक आहे. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, विषयविवेचन, मध्येच ‘स्वयंअध्ययनासाठी प्रश्न’, शेवटी सारांश आणि पारिभाषिक शब्द. नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याला ही रचना सोयीची वाटते, कारण कोठे थांबलो होतो ते लगेच सापडते. कागद पातळ आहे आणि बांधणी जेमतेम एक परीक्षा टिकेल अशी आहे, परंतु शुल्क पाहता त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. सिंधू संस्कृती, वैदिक समाज, बौद्ध व जैन विचार, भक्तिपरंपरा, ब्रिटिशकालीन सुधारणा चळवळी असा क्रम असून भाषा बहुतेक ठिकाणी सरळ आहे.

मात्र घटक वेगवेगळ्या प्राध्यापकांनी लिहिलेले असल्याने दर्जा एकसारखा नाही. भक्तिपरंपरेवरील घटक मन लावून लिहिलेला आहे. वारकरी संप्रदायाबरोबर बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या चळवळीलाही त्यात पुरेशी जागा मिळाली आहे, आणि सीमाभागातील विद्यार्थ्याला दोन्ही परंपरा घराजवळच्या असल्याने तो घटक वाचताना कंटाळा येत नाही. याउलट जैन धर्मावरील घटक महावीर, पंचमहाव्रते आणि श्वेतांबर-दिगंबर भेद एवढे सांगून प्राचीन काळातच थांबतो. ज्या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या शेती करणारा जैन समाज आहे आणि ज्या शहराच्या शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन भट्टारकांचा (दिगंबर जैन धर्मगुरूंचा) मठ आहे, तेथील विद्यार्थ्याला ‘जैन म्हणजे व्यापारी समाज’ एवढीच समजूत घेऊन परीक्षेला बसावे लागावे, हे खटकते.

सर्वांत दुबळा घटक जातिव्यवस्थेवरचा आहे, आणि नेमका तोच या विषयाचा कणा आहे. व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष असे मथळे देऊन मजकूर क्रमांकांत विभागला आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना जेमतेम अर्ध्या पानात उरकली आहे. वरच्या जातींचे आचार स्वीकारून समाजात वर सरकण्याची प्रक्रिया, असे सांगून लेखक पुढे गेला आहे. दुसऱ्याच एका घटकात, पुष्कळ पानांनंतर, वेदोक्त प्रकरणाचा उल्लेख एका वाक्यात येतो. या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवाव्यात, असे कोणालाच सुचलेले दिसत नाही.

त्या ठेवल्या असत्या तर केवढे काही शिकवता आले असते! 1899 साली कार्तिकस्नानासाठी पंचगंगेवर गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहिताने वेदोक्त (वेदांतील, द्विजांसाठी मानलेल्या) मंत्रांऐवजी पुराणोक्त (पुराणांतील, शूद्रांसाठी मानलेले) मंत्र म्हटले. छत्रपती क्षत्रिय आहेत की नाहीत, हा वाद त्यातून पेटला. 1901 मध्ये ‘केसरी’तून टिळकांनी वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिले, आणि 1902 मध्ये महाराजांनी राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, इनामे जप्त केली. येथवर पाहिले तर ही क्षत्रियत्वाची, म्हणजे वरच्या स्थानाची मागणी आहे आणि श्रीनिवासांच्या संकल्पनेत ती व्यवस्थित बसते. पण गोष्ट तेथे थांबत नाही. पुढे कोल्हापुरात सत्यशोधक समाजाला राजाश्रय मिळाला, मराठा पुरोहित तयार करणारी वैदिक शाळा निघाली आणि 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे मराठा धर्मगुरूंचे, स्वतंत्र पीठ स्थापन झाले. हे संस्कृतीकरण म्हणायचे, की पुरोहिताची मध्यस्थीच नाकारणे म्हणायचे? सत्यशोधकांना विधीसाठी पुरोहितच नको होता, तर वैदिक शाळेला पुरोहित हवा होता, फक्त तो ब्राह्मण नको होता. एकाच संस्थानात, एकाच राजाच्या पाठबळाने या दोन्ही गोष्टी चालू होत्या. पदव्युत्तर विद्यार्थ्याने ज्यावर डोके खाजवावे असा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे घटनास्थळ वर्गापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. पुस्तकात मात्र ‘संस्कृतीकरण म्हणजे काय? पाच गुण’.

संपर्क सत्रांनी ही उणीव थोडीफार भरून काढली, तीही एका प्राध्यापकांच्या वैयक्तिक उत्साहामुळे. इतर सत्रे पुस्तकातील सारांश वाचून दाखवण्यात आणि ‘हा प्रश्न हमखास येतो’ हे सांगण्यात गेली. या सरांनी मात्र एका रविवारी 26 जुलै 1902 च्या, मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणाऱ्या आदेशाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या आणि तो ओळीओळीने वाचायला लावला. हा आदेश निघाला तेव्हा महाराज ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त विलायतेत होते. जयंतीच्या भाषणांतून आपण या आदेशाबद्दल इतके ऐकलेले असते, की तो मुळातून वाचण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वाचल्यावर लक्षात येते की 50 टक्के हे प्रमाण रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी आहे. ज्या कचेरीत मागास वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक त्या वर्गांतील व्यक्तीचीच करावी, असेही सांगितले आहे. ‘मागास’ कोण याची यादी दिलेली नसून ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे, अशी उलट बाजूने व्याख्या केली आहे. शेवटी प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता पाठवावा, अशी तरतूद आहे. त्या तिमाही तक्त्यावर वर्गात चांगलीच चर्चा रंगली, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांचे आयुष्य असे तक्ते भरण्यातच गेले होते. केवळ घोषणा करायची असती, तर तक्ता मागण्याचे कारण नव्हते. साधन हाती दिल्यावर विद्यार्थी किती वेगळा विचार करू लागतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला या अभ्यासक्रमात मिळाले नाही.

असे सत्र प्रत्येक घटकाला एक याप्रमाणे आखणे कोल्हापुरात अवघड नाही, हे सोदाहरण सांगतो. सातवाहनकाळातील व्यापाराच्या घटकात रोमशी चाललेल्या व्यापाराची माहिती देताना भडोच, सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही नावे येतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीचे नाव येत नाही. हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी 1945-46 मध्ये केलेल्या उत्खननामुळे ब्रह्मपुरी पुरातत्त्वाच्या नकाशावर आली. तेथे सापडलेली, समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची छोटी कांस्यमूर्ती आजही टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहता येते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे वसलेल्या गावात समुद्राचा परदेशी देव येऊन पोहोचतो, ही एक गोष्ट व्यापारी मार्ग, घाट आणि हौसेने दूरचा माल विकत घेणारा नागरी वर्ग या साऱ्यांचा अभ्यास सुरू करायला पुरेशी आहे. सीपीआर रुग्णालयात कामानिमित्त अनेकदा गेलेल्या आमच्या वर्गमित्रांपैकी कित्येकांनी शेजारच्या टाऊन हॉलमध्ये शाळेच्या सहलीनंतर पाऊल ठेवले नव्हते. एकदा वेळ काढून जावे. शांतपणे पाहणाऱ्याला तेथे घाई करावी लागत नाही.

तेथून दसरा चौक अगदी जवळ आहे. शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवतीच्या या परिसरात मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग उभी आहेत. ‘संस्थानांतील शैक्षणिक सुधारणा’ या मथळ्याखाली पुस्तकात वसतिगृहांची नावे आणि सने पाठ करायला दिली आहेत : 1901 चे मराठा बोर्डिंग, 1906 चे मुस्लिम, 1908 चे मिस क्लार्क. प्रश्न पडायला हवा तो असा, की जात मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार वसतिगृहे का काढली? याचे एक उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या आयुष्यात सापडते. कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेले भाऊराव कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीसाठी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवणारे वसतिगृह चालवले. जातवार वसतिगृहाने शिक्षणाचे दार उघडले आणि त्याच दारातून त्या पद्धतीचा टीकाकारही बाहेर पडला, हे दसरा चौकात उभे राहून समजावून सांगायला तासभर पुरेल. याच परिसरातील मैदानांवर आजही मोर्चे आणि सभा होतात, हेही विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरची सहल केंद्राने आखली होती. ती ऐनवेळी रद्द झाली आणि नंतर कोणी विषय काढला नाही. आम्ही काहीजण स्वतःच्या खर्चाने जाऊन आलो. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यात शिव आणि विष्णू एकत्र पूजले जातात, गावातच जैन मंदिर आहे, आणि कोपेश्वरच्या आवारात यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे. मध्ययुगीन धर्मजीवनावरील घटक वाचून जाणाऱ्यास तेथे बघण्यासारखे खूप आहे. पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांतच जावे.

व्यवस्थापनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही आणि जे आहे ते नेहमीचेच आहे. दुसऱ्या सत्राचे पुस्तक परीक्षेच्या तोंडावर हाती आले, गृहपाठ जमा केल्याची पोच मागितल्याशिवाय मिळाली नाही, आणि दूरध्वनी उचलला गेल्यास तो दिवस भाग्याचा मानावा. खिडकीवरील कर्मचारी मात्र सौजन्याने बोलतात. त्यांच्या हाती फारसे काही नसते, हेही दिसते.

परीक्षेचे स्वरूप हा या साऱ्या दुखण्याचा उगम आहे. दीर्घोत्तरी प्रश्न ‘स्पष्ट करा’, ‘आढावा घ्या’ असे असतात आणि मथळे पाडून लिहिलेल्या उत्तराला गुण मिळतात. वेदोक्तावरचा वर मांडलेला प्रश्न उत्तरपत्रिकेत मांडावा, तर तपासणाऱ्याला तो विषयांतर वाटण्याचा धोका आहे. त्यामुळे ज्यांना केवळ पदवी, वेतनश्रेणी किंवा सेट-नेटची पात्रता हवी आहे, त्यांनी पुस्तक आणि प्रश्नसंच यांवर भिस्त ठेवावी. त्यांचे काम होईल, आणि या शुल्कात ते होणे वाईट नाही. ज्यांना विषय समजून घ्यायचा आहे, त्यांनी प्रवेश अवश्य घ्यावा, परंतु पहिल्या सत्रापासूनच करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे, कारण 1850 पासून चालत आलेल्या त्या संस्थेत संदर्भासाठी जे मिळते ते अभ्यास केंद्राच्या कपाटात मिळणार नाही.

आणखी एक सूचना. अभ्यासक्रमात मोडी लिपीचा समावेश नाही. कोल्हापूर संस्थानचे दप्तर येथील पुराभिलेखागारात असून त्यातील पुष्कळ कागद मोडीत आहेत. लघुप्रबंधासाठी स्थानिक विषय घ्यावयाचा असेल, तर मोडीचा वर्ग पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच लावावा. दुसऱ्या वर्षी गृहपाठ आणि लघुप्रबंध एकाच वेळी अंगावर येतात आणि मग मोडी शिकायला सवड राहत नाही.