जुनं लाकडी कपाट: स्पिरिट पॉलिश की ऑइल पेंट?

जुन्या बाजारातून आणलेल्या कपाटाचं काय करायचं, हे लाकूडच ठरवतं. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात १२० नंबरचा पॉलिश पेपर हलका मारून बघा. पातळ थर निघून खाली प्लाय दिसला तर ते व्हेनिअर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. तिथे जोर लावायचा नाही. सनमायका असेल तर स्टेनचा (लाकडात मुरणाऱ्या पातळ रंगाचा) विचारच सोडा, त्यात तो मुरत नाही.

अस्सल सागवानावर रंग फासणं म्हणजे पैसे पाण्यात. जुना थर काढून ८०, १२०, मग १८० नंबर, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवं घासलं तर स्टेन लावताच ओरखडे उठून दिसतात. स्टेन वाळला की एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) विरघळवून कापडी बोळ्याने सहा-आठ पातळ हात द्या. हेच स्पिरिट पॉलिश. भर पावसाळ्यात मात्र नको: दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. गरम कपाचाही डाग उमटतो, म्हणून टेबलाच्या फळीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं.

ऑइल पेंट कमी नखरेल. जोडलाकूड, खिळ्यांची भोकं, काळे डाग सगळं झाकतो. वुड प्रायमर, लांबी (भोकं बुजवायची पुट्टी), १८०चा पेपर, पुन्हा प्रायमर, मग २४ तासांच्या अंतराने दोन पातळ हात. जाड हाताला ओघळ येतात, दारं चिकटतात. खाली मेण राहिलं तर रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी टर्पेंटाइनने पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो ओला करूनच घासा, तोंडाला मास्क लावून.