इंग्रजी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक: आठ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून लेकीसाठी इंग्रजी व्याकरण आणि साहित्याची तोंडओळख असं जोडपुस्तक आणलं. पूर्ण इंग्रजीत, मागे उत्तरं. ती दहावीला, सेमी इंग्रजी. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार या जातीच्या बहुतेक पुस्तकांबद्दल आहे. माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासूनचं. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमची शाळा आटोपली होती. त्यामुळे रोज संध्याकाळी शिकत दोघीही होतो.

सुरुवातीची नामं, सर्वनामं, विशेषणं सरळ ओलांडा. आम्ही इमानदारीत पहिल्या पानापासून गेलो आणि जुलै वाया घालवला.

खरी किंमत वसूल झाली ती काळांच्या प्रकरणात. सराव भरपूर आहे, सोप्यातून अवघडाकडे नीट चढत जातो. पण लेक एकच चूक पुन्हापुन्हा करायची: 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'. पुस्तक म्हणतं, चूक. का, ते एका ओळीत उरकतं. मला कारण भाजी चिरताना सापडलं. आपण बिनदिक्कत 'मी त्याला काल पाहिलंय' म्हणतो. मराठीला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत 'काल' आला की 'हॅव' गेलाच पाहिजे. तसंच 'पासून'चं. सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, आपल्याला एकच शब्द पुरतो. तिकडे सोमवारला 'सिन्स' आणि दोन वर्षांना 'फॉर'. हे मी समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं आणि चूक आठवड्याभरात थांबली.

तेव्हापासून रीतच पडली. धडा पुस्तकाचा, समास आमचा. रिपोर्टेड स्पीचला पुस्तकात दोन पानं कोष्टकं आहेत: 'नाऊ'चं 'देन', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'. ती पाठ होतात, पण गोम वेगळीच आहे. 'बाबा म्हणाले की मी येतो' यात आपण काळ बदलत नाही, 'मी'सुद्धा तसाच ठेवतो. इंग्रजीत दोन्ही हलतात. एवढं कळलं की कोष्टक निम्मं आपोआप येतं.

सगळ्यात मोठा घोळ पॅसिव्ह व्हॉइसचा. मराठीच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, म्हणून लेकीने त्याचं इंग्रजी थेट पॅसिव्हमध्ये केलं! मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत ते साधं 'राम एट अ मँगो'. यात तिची काय चूक? दोन तासांना दोन बाई, आणि दोघींचं एकमेकींशी या विषयावर बोलणं होत नसणार.

साहित्याचा भाग शेवटी आहे आणि मला तो अपेक्षेपेक्षा आवडला. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. इथे मराठीचा अभ्यास फुकट कामाला आला. अडलं ते यमकाशी. देवनागरीत यमक बहुधा डोळ्यांना दिसतं, इंग्रजीत ते कानाने शोधावं लागतं. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची स्पेलिंगं शेवटी सारखी, म्हणून तिने जोडी लावली. 'ब्लू' आणि 'शू' मात्र सोडून दिलं. मग कविता मोठ्याने वाचायचा नियम केला. अनुप्रासालाही तेच: 'सिटी' आणि 'कॅट' यांचं स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर एकच, पण अनुप्रास होत नाही.

छंदाचं प्रकरण मात्र साफ फसलेलं. मी आपली भुजंगप्रयाताच्या सवयीने लघु-गुरू लावत बसले आणि काही केल्या जमेना, कारण तिकडचा हिशेब आघाताचा आहे. 'प्रेझेंट' म्हणजे भेट असेल तर जोर पहिल्या भागावर, सादर करणे असेल तर दुसऱ्यावर. पुस्तकात नुसत्या खुणा छापल्यात, ऐकू काहीच येत नाही. सॉनेटच्या चौदा ओळींची मांडणी तेवढी छान समजावली आहे. केशवसुतांनी तो प्रकार मराठीत आणला आणि आपण त्याला सुनीत म्हणतो, हे मीच सांगितलं.

छपाई बारीक, बांधणी दिवाळीपर्यंत सुटली, फेविकॉलवर तगली आहे. निबंधाचे नमुने जुनाट. पोस्टमास्तरांना तक्रारीचं पत्र आता कोण लिहितं?

दहावीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरसाठी सराव म्हणून पुस्तक पुरेसं आहे. २० गुणांच्या तोंडीसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. मूल एकटंच बसून वापरणार असेल तर घेऊ नका; शेजारी मराठीत 'का' विचारणारं कोणी असेल तर जरूर घ्या. जुनी प्रत घेत असाल तर मागची उत्तरांची पानं दुकानातच उघडून बघा. माझ्या मैत्रिणीला मिळालेल्या प्रतीत नेमकी तीच फाडलेली होती.