लेकेम्बी: पाचपैकी साडेतीन तारे
न्यू जर्सीत सासूबाईंना अल्झायमरसाठी, म्हणजे विस्मरणाच्या आजारासाठी, हे औषध सुरू आहे. दर दोन आठवड्यांनी तासभर सलाइनमधून. नर्स प्रेमळ, पण शीर सापडेपर्यंत आईंचा जीव मेटाकुटीला येतो. मग त्या तिला चक्क मराठीत झापतात!

औषध मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढतं, गेलेली आठवण परत आणत नाही. चाचणीत १८ महिन्यांत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर फरक जेमतेम ०.४५. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून एमआरआयची कटकट आहेच. हा धोका वाढवणारं जनुक आहे का, याची तपासणी आधी करून घ्याच. आजार पुढे गेला असेल तर देत नाहीत.

बाजारात आलं तेव्हा किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नसतं तर आम्ही याच्या नादीच लागलो नसतो.