स्वयंपाकघरातला काटा आणि खुर्चीपुढचे पेडल : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये मी दोन वस्तू विकत घेतल्या. एक, एका ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि ५ किलोपर्यंत चालणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, किंमत ४६० रुपये. आणि दुसरी, खुर्चीत बसून पायांनी फिरवायचे छोटे पेडल, किंमत २,१०० रुपये. आता जून लागला आहे आणि दोन्हीपैकी एकही वस्तू अजून माळ्यावर गेलेली नाही. आमच्या घरात यापूर्वी आलेल्या व्यायामाच्या साधनांचा इतिहास पाहता हे सांगण्यासारखे आहे.

माझे वय ६७. मी निवृत्त गणित शिक्षिका असून नागपुरात प्रतापनगरला राहते. मधुमेहाला १४ वर्षे झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे, उजव्याची जास्त. ऑगस्टमध्ये वजन ७४ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती, म्हणजे बॉडी मास इंडेक्स ३२. भारतीयांसाठी २५ च्या पुढचा आकडा स्थूलतेत धरला जातो. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघेबदलाची घाई नको असे सांगितले, पण वजन उतरवण्याची अट घातली. एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे त्यांनी सांगितले आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. या हिशेबात मला रस वाटला.

अडचण अशी की मी फारसे खात नाही असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. यजमानांनाही तसेच वाटत होते. काटा घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात हा समज मोडला.

सुरुवात पोळीपासून झाली. माझी पोळी लहान आणि पातळ असते अशी ख्याती आहे, आणि ती खरी निघाली. एका उंड्यात कोरडी कणीक जेमतेम ३० ग्रॅम भरली. परंतु मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी मी दोन वर्षांपासून रात्री पोळी सोडून ज्वारीची भाकरी खात होते, आणि त्या एका भाकरीचे पीठ ९० ग्रॅम निघाले. ज्वारी आणि गहू यांच्या १०० ग्रॅम पिठातल्या कॅलरींमध्ये फारसा फरक नाही, दोन्ही सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे दोन पोळ्यांऐवजी एक भाकरी खाऊन मी संयम पाळला असे समजत होते आणि प्रत्यक्षात दीडपट पीठ पोटात जात होते. ज्वारीतल्या तंतूंनी पोट भरते, ती मी सोडलेली नाही. फक्त भाकरी आता ५० ग्रॅमची थापते. आमच्या मावशी, ज्या सकाळी स्वयंपाकाला येतात, त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘बाई, ही भाकर आहे का पुरी?’ आता त्याच काट्यावर त्या स्वतःची भाकर मोजून पाहतात.

दुसरा धक्का तेलाचा. तेल काट्यावर मोजणे त्रासाचे असते, कारण फोडणीचे पाच-सात ग्रॅम हळूहळू ओतले की हा काटा ते धड नोंदवतच नाही. म्हणून मी महिन्याचा हिशेब केला. आम्हा दोघांत महिन्याला तीन लिटर तेल संपत होते. एक लिटर तेलाचे वजन ९१० ते ९२० ग्रॅम भरते, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंनी मला २० ते २५ ग्रॅमची मर्यादा घालून दिली होती. वडाभातावर घालायची हिंग-मोहरीची फोडणी, पुडाच्या वड्या आणि रविवारचे तर्रीपोहे यांचा त्यात मोठा वाटा असणार हे उघडच आहे. आता महिन्याचे दीड लिटर तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवते आणि ती बरणी महिनाअखेरपर्यंत पुरवते. मिठाचाही असाच हिशेब केला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. त्या मानाने एक किलोची पिशवी दोघांना १०० दिवस जायला हवी होती, ती आमच्याकडे ५० दिवसांत संपत होती. त्यातले काही लोणच्यात गेले असे धरले तरी रक्तदाबाच्या गोळीला दोष देण्याची सोय उरली नाही.

संध्याकाळी टीव्हीपुढे बसून खाल्लेल्या शेंगदाण्यांची एक मूठ ४८ ग्रॅम निघाली. त्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि मूठ नेहमी एकच असायची असे नाही.

काट्याचे दोष सांगायचे तर ते पुष्कळ आहेत. दोन मिनिटे हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो आणि भांड्याचे वजन शून्य केलेले असेल तर ते विसरतो. कणीक भिजवताना हात भरलेले असतात, तेव्हा हा गुण फार चीड आणतो. मोठे ताट ठेवले की आकडे झाकले जातात. एप्रिल-मे महिन्यांत कूलरचा झोत थेट ओट्यावर येतो तेव्हा आकडे दोन-तीन ग्रॅमने नाचत राहतात. तीन-चार ग्रॅमच्या खालचे माप भरवशाचे नाही. पहिला काटा महिन्याभरातच ओल्या हाताने बंद पडला आणि विक्रेत्याने पाण्याचे कारण सांगून बदलून देण्यास नकार दिला. आत्ताचा दुसरा आहे, आणि त्यावर मी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ठेवते. इतके असूनही कोणी विचारले तर मी आधी काटाच घ्यायला सांगेन. तीन महिन्यांनी डोळ्याला अंदाज येतो आणि मग रोज मोजावे लागत नाही. सध्या मी फक्त रविवारी मोजते, कारण नजर हळूहळू पुन्हा उदार होत जाते.

काट्याने एक उलट गोष्टही दाखवली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कमी काय पडते, हेही त्याने मोजून दिले. या वयात नुसते खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि गेलेले स्नायू परत मिळवणे तरुणपणीइतके सोपे नसते. वयस्क माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने लागतात. मी शाकाहारी; माझी मोजदाद ४० ग्रॅमच्या आत येत होती. वरण रोज असते म्हणून निश्चिंत होते, पण माझ्या वाटीतले वरण हे २० ग्रॅम तुरीच्या डाळीचे होते, आणि तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे वाटीभर वरणातून साडेचार ग्रॅमही नाहीत! आता डाळ घट्ट झाली आहे, भाजीत सोयाबीनच्या वड्या येतात, सकाळी मोड आलेली मटकी किंवा पनीर असते आणि भाताचे माप कच्च्या ३० ग्रॅमवर आले आहे. हे सर्व करण्यापूर्वी डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासून घेतले, कारण मूत्रपिंडे अशक्त झालेली असतील तर प्रथिने वाढवणे अपायकारक ठरू शकते. मधुमेहींनी ही तपासणी टाळू नये.

आता पेडलविषयी. नागपुरात वर्षाचे आठ महिने पहाटे अंबाझरी उद्यानात फिरता येते, पण मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा साडेसहालाच ऊन टोचू लागते, आणि पावसाळ्यात निसरड्या वाटेवर पाय घालण्याची माझी हिंमत नाही. शिवाय १५ मिनिटे चालले की उजवा गुडघा बोलू लागतो. पेडलवर गुडघ्यावर शरीराचा भार येत नाही, म्हणून ते घेतले. पहिले दोन आठवडे गुडघा उलट जास्त दुखला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहिल्यावर कळले की खुर्ची बुटकी होती आणि पेडल फार जवळ ठेवले होते, त्यामुळे गुडघा गरजेपेक्षा अधिक वाकत होता. खुर्चीवर जाड गादी ठेवली आणि यंत्र वीतभर पुढे सरकवले, तेव्हापासून तक्रार नाही. गुळगुळीत फरशीवर ते पुढे पळते; खाली जुनी योगाची चटई आणि खुर्चीच्या पायाला बांधलेली सुती नाडी हा माझा उपाय आहे. दाब वाढवायचा खटका आठव्या महिन्यात ढिला झाला. त्यावरच्या पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरी कशाच्या आधारावर मोजल्या जातात हे त्यालाच ठाऊक. मी फक्त वेळ पाहते.

दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटे, आठवड्यातून किमान पाच दिवस, असा नेम ठेवला. त्यामुळे आठवड्याची १५० मिनिटे भरतात. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हे ग्लुकोमीटरवर दिसते : दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी पूर्वी २१० च्या आसपास असणारी साखर आता बहुतेक दिवशी १८० च्या खाली असते. मात्र पेडल हा पुरा व्यायाम नाही. त्याने तोल सुधारत नाही आणि हाडांवर भारही येत नाही. म्हणून खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, पाय सरळ ठेवून उचलणे आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे हे वेगळे करावे लागते. खुर्चीतून उठण्याचा व्यायाम मला सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि जिना चढताना त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो.

ग्लुकोमीटरचा विषय निघाला म्हणून आपल्या गावापुरते दोन अनुभव सांगते. जानेवारीत संत्रे सोलून खाल्ले आणि हात न धुता मोजले, तर २४६ आले. साबणाने हात धुऊन पुन्हा मोजले तेव्हा १५८. बोटाला लागलेला रस त्या थेंबात मिसळतो. दुसरे म्हणजे, पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि मेमध्ये आमच्या बैठकीत कूलर लावूनही त्याहून अधिक तापमान असते, शिवाय कूलरची ओल वेगळीच. डबी आता आतल्या, एसी असलेल्या खोलीत असते.

या दहा महिन्यांत एक चूक गंभीर झाली. डिसेंबरमध्ये खाणे कमी, व्यायाम जास्त आणि गोळ्या मात्र पूर्वीच्याच, असे चालू होते. एका दुपारी पेडल करताना हात थरथरू लागले, दरदरून घाम आला आणि साखर ५८ निघाली. यजमानांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, १५ मिनिटांनी पुन्हा मोजले, मग जेवण झाले आणि निभावले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीचा डोस निम्म्यावर आणला आणि आधीच का नाही विचारले म्हणून रागावले, ते योग्यच होते. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलण्याच्या दिवशीच डॉक्टरांना कळवावे.

सगळे दिवस सारखे गेले असे नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला, पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांच्या पानापुढे, काटा काढण्याचे धाडस मी केले नाही आणि पुढेही करणार नाही. दिवाळी ते संक्रांत वजन ७० वर अडून बसले. त्या काळात मुलाने पाठवलेल्या, शरीरातली चरबी टक्क्यांत सांगणाऱ्या काट्यावर मी रोज उभी राहत होते. पाणी प्यायल्याने आकडा बदलतो हे लक्षात आल्यावर तो परत पाठवला. कमरेची टेप पुरते.

आज वजन ६७.८ किलो आहे, कंबर ७ सेंटिमीटरने कमी झाली आहे, तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी ८.४ वरून ७.३ वर आली आहे. गुडघेबदलाचा विषय पुढच्या दिवाळीनंतर पाहू असे डॉक्टर म्हणाले. पेडलचा ढिला खटका प्रतापनगर चौकाजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याने ४० रुपयांत घट्ट करून दिला, आणि यजमानांनी, ज्यांना कोणताही आजार नाही असे ते सांगतात, गेल्या आठवड्यापासून माझ्या आधी ते अडवून बसायला सुरुवात केली आहे.