गोधडीचा तळ: बेडशीट, जुनं पातळ की कॅम्ब्रिक?

पहिली गोधडी शिवायला घेतली की सगळं लक्ष वरच्या बाजूकडे असतं. ठिगळं कुठली, रंग कसे जुळवायचे, कडेला काठ कुणाचा लावायचा. तळाचं कापड ठरतं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा कपाटात जे हाती लागेल तेच खाली अंथरलं जातं. अंगाला लागतो तो हाच तळ, आणि टाका कितीही सुरेख घातला तरी तो पक्का होतो सुई या शेवटच्या थरातून जाऊन परत आली तरच. म्हणून तळाचा विचार थोडा आधी केलेला बरा.

नवशिक्यासमोर खरे पर्याय तीन असतात: बाजारातली किंवा घरातली बेडशीट, जुनं सुती पातळ (म्हणजे साडी), आणि मीटरवर मिळणारं कॅम्ब्रिक, म्हणजे बारीक सुताचं सुती कापड. मांजरपाट (कोरं, जाडंभरडं सुती कापड) स्वस्त असतं, पण त्यात खळ भरपूर, ते आटतंही जास्त, आणि दोन-चार धुण्यांनंतर कुठे अंगाला बरं वाटायला लागतं. पॉपलिन मशीनवर शिवणाऱ्याला चालेल. सोलापुरी चादर गोधडीच्या पोटात भराला उत्तम, तळाला नको, फार जाड पडते. मांजरपाट, पॉपलिन आणि चादर इथेच सोडून देऊ.

खालची मापं ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे ६० बाय ८४ इंच तयार होणाऱ्या गोधडीची आहेत. आत जुन्या सुती कापडाचे दोन-तीन थर आणि हातानं धावदोरा (ओळीत वर-खाली जाणारा साधा टाका), असं धरलं आहे. धावदोरा घालताना कापड आत ओढलं जातं, त्यामुळे तळ चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त हवा. म्हणजे धुऊन, आटून, इस्त्री होऊन हातात ६६ बाय ९० इंचांचं कापड असलं पाहिजे.

बेडशीटचं आकर्षण समजण्यासारखं आहे. डबल बेडची शीट घेतली की एका तुकड्यात काम होतं, जोड नाही, शिलाई नाही. (सिंगल शीट बहुधा ६० इंच रुंद असते, ती या मापाला अपुरी पडते. अनेकांचं पहिलं कापड इथेच वाया जातं.) मशीनवर गोधडी मारणार असाल तर सुती बेडशीट वाईट नाही, हे आधीच सांगते. हाताने शिवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

बेडशीट दाट विणलेली असते, कारण ती रोज अंगाखाली घासली जाते आणि सुरकुती पडू नये अशी अपेक्षा असते. हाच गुण सुईच्या आड येतो. सैलसर विणीत सुईचं टोक दोन धाग्यांच्या मधून वाट काढतं आणि धागे बाजूला सरकतात. दाट विणीत सरकायला जागाच नसते. सुई अडते, मग आपण जोर लावतो, आणि ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन टोक एकदम खाली जातं. तो आवाज आला की समजावं, सुई धागा फोडून गेली. सुईवर एका वेळी चार-पाच टाके घेऊन ओढायची सवय करायची असते, तिथे दोनच टाके बसतात. दोन ओळींत मधलं बोट दुखायला लागतं.

बोटाचं दुखणं एकवेळ सोसता येईल. ज्या गोष्टीमुळे माझ्यापुरती बेडशीट बाद झाली ती निराळी आहे. सुई अडायला लागली की हात नकळत ती तिरकी घालू लागतो. तिरकी सुई वरचे थर पकडते, तळाला नुसती घासून किंवा एखादाच धागा उचलून वर येते. वरून पाहिलं तर टाके एकसारखे, अगदी देखणे. गोधडी उलटवली की खाली मध्येच तीन-तीन, चार-चार इंच मोकळी जागा आणि तिच्यावरून लोंबणारे सैल दोरे. हे कळतं तेव्हा निम्मी गोधडी झालेली असते. उसवून परत घालावं, तर दाट कापडात आधीच्या टाक्यांची भोकं तशीच राहतात, कारण धागे सरकलेले नसून तुटलेले असतात. आणि तसंच सोडून द्यावं, तर पहिल्याच आठवड्यात झोपेत पायाचा अंगठा त्या दोऱ्यात अडकतो आणि अख्खी ओळ ओढली जाते.

पाकिटावरचा धाग्यांचा आकडा पाहून याचा अंदाज बांधू नये. इंचात धागे किती यापेक्षा ते धागे किती जाड हे जास्त महत्त्वाचं. तेवढेच धागे बारीक सुताचे असतील तर मध्ये फट राहते, जाड सुताचे असतील तर राहत नाही. खात्री करायची असेल तर ज्या सुईनं गोधडी शिवणार तीच सुई पर्समध्ये न्यावी, कापडाची तिहेरी घडी करून कोपऱ्यात चार टाके एकदम सुईवर घ्यावेत आणि ओढून पाहावेत. सुई काढल्यावर भोकावर नख घासावं. भोक मिटलं तर कापड घ्यायला हरकत नाही.

जुनं पातळ या परीक्षेत सगळ्यांच्या पुढे. वर्षानुवर्षं धुऊन त्याची खळ गेलेली, आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला. सुई लोण्यातून जावी तशी जाते. सहावारीची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचांच्या आसपास. त्यातून ९० इंचांचे दोन तुकडे निघतात आणि वर थोडं उरतं. नऊवारी लुगडं असेल तर तीन तुकडे निघतात, तिसरा आत भराला जातो. वाकळ शिवणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच कापड वापरलं ते उगीच नाही. अंगाला त्याच्याइतकं मऊ दुसरं काही लागत नाही.

अडचण अशी की पातळ सगळीकडे सारखं झिजत नाही. जमिनीला घासणारी खालची कड, कमरेशी खोचली जाणारी जागा, खांद्यावरचा पदर ही ठिकाणं आधी विरतात, आणि घडी घातलेल्या पातळात ते दिसत नाही. खिडकीसमोर उजेडात धरून वीत-वीतभर तपासावं लागतं. दोन्ही मुठींत कापड धरून आधी आडवं, मग उभं, बऱ्यापैकी ताणावं. ‘चर्र’ झालं तर तो भाग तळाला घेऊ नये. तळ गादीवर, चटईवर घासला जातो. विरलेलं कापड तिथे टाक्यांच्या ओळीला धरूनच फाटत जातं. पूर्वी यावर उपाय सोपा होता: जुन्या गोधडीवर नवं पातळ घालून पुन्हा दोरा भरायचा. पहिलीच गोधडी शिवणाऱ्याकडून दोन वर्षांत ही अपेक्षा करणं जरा जड आहे.

दुसरं, मऊ झालेलं कापड अंथरताना सरळ राहत नाही. कोपरा जरा ओढला की उरेबात, म्हणजे तिरकं, ताणलं जातं, आपल्याला वाटतं छान ताठ बसलं. शिवून झाल्यावर ते मूळ जागी परत येतं आणि तळाला चुण्या पडतात. यावर घरगुती उपाय आहे आणि तो हमखास चालतो: भाताची पेज गाळून, पातळ करून पातळाला खळ द्यावी आणि किंचित ओलं असताना इस्त्री करावी. कापड नव्यासारखं कडक होतं, शिवेपर्यंत जागचं हलत नाही, आणि पहिल्या धुण्यात पेज निघून जाते. खळ दिलेलं कापड मात्र फार दिवस ठेवू नये, झुरळं आणि कसर लागते.

काठ आधी कापून बाजूला काढावेत. काठाची वीण अंगापेक्षा दाट असते, तिथे पुन्हा सुई अडते. जरीचा काठ तर तळाला नकोच, अंगाला टोचतो. आणि ‘सुती’ म्हणून ठेवलेलं पातळ खरंच सुती आहे ना, ते दोन धागे काढून जाळून पाहावं. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात भुगा होते. वितळून कडक मणी झाला तर ते कापड गोधडीला नको. ते सरकतं, आणि घामही टिपत नाही.

राहिलं कॅम्ब्रिक. दुकानात ‘साठ-साठचं कॅम्ब्रिक’ म्हणून मागावं. यात उभा आणि आडवा दोन्ही धागा ६० नंबरच्या बारीक सुताचा असतो, त्यामुळे कापड दाट दिसलं तरी सुईला वाट देतं. इचलकरंजीच्या मागांवर असलं कापड भरपूर विणलं जातं, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या कापडबाजारात ते मिळायला अडचण येत नाही. नुसतं ‘कॉटन’ म्हणून मागितलं तर मिश्र कापडही पुढे येतं, तेव्हा वरची जाळून पाहायची परीक्षा इथेही करावी. कापडाचा कोपरा तळहातांत जोरात चोळावा. पांढरी भुकटी पडून कापड एकदम लुळं झालं तर त्यात जीव कमी आणि खळच जास्त आहे. ओला रुमाल घासून रंग जातो का तेही दुकानातच पाहून घ्यावं. लाल, मरून आणि गडद निळा यांच्या बाबतीत तर नक्कीच.

पहिल्या गोधडीच्या तळाला एकरंगी कापड घेऊ नये, असं मी आग्रहानं म्हणेन. एकरंगी तळावर प्रत्येक लहान-मोठा टाका उठून दिसतो. पट्टे किंवा चौकडी तर त्याहून नको, कारण गोधडी अर्धा इंच जरी तिरकी गेली तरी कडेला पट्टा ते सांगत राहतो. बारीक फुलांची किंवा बुट्ट्यांची छपाई घ्यावी. फार फिकं घेतलं तर आतल्या गडद थराची सावली तळाला दिसते, तेव्हा मध्यम रंग बरा.

पन्हा ४४ इंच असेल तर ९० इंचांचे दोन तुकडे, म्हणजे १८० इंच, साधारण ४.६ मीटर. धुतल्यावर शेकडा ५ पर्यंत आटणं आणि दुकानातली तिरकी कात्री धरून ५ मीटर घ्यावं. कापड कात्रीने कापण्यापेक्षा फाडून द्यायला सांगितलं तर धाग्यात सरळ मिळतं. ५८ इंची पन्हा दिसला तर मोह होतो, पण या मापाला तो पुरत नाही. जोड मुळीच नको असेल तर गोधडीच ४८ इंच रुंद करा. मुलांच्या पलंगाला ती पुरेशी होते.

आणलेलं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, धुऊन, सावलीत सरळ पसरून वाळवावं. रंगीत पाणी सुटलं तर पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा धुवावं. हे टाळून कोरंच कापड लावलं तर पहिल्या धुण्यात तळ आटतो, आतले जुने थर आटत नाहीत, आणि सगळी गोधडी आक्रसून बसते.

आता जोड. कॅम्ब्रिकची मोठी तक्रार हीच असते, आणि ती खोटी नाही. पण जोड बरोबर मध्यावर न घेतला तर तो त्रास देत नाही. गोधडीची घडी मध्यावर पडते, तिथे शिलाई आली की आधी तीच उसवते. म्हणून एक तुकडा पूर्ण रुंदीचा ठेवावा आणि दुसऱ्यातून साधारण २५-२६ इंचांची पट्टी काढून जोडावी, म्हणजे जोड मध्यापासून सात-आठ इंच बाजूला जातो. जोडण्याआधी कापडाची विणलेली किनार दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कापून टाकावी. ती घट्ट असते आणि जोडाला ओढ देते. शिलाई अर्धा इंचावर मारून दाब (शिलाईबाहेर उरलेलं कापड) दोन्हीकडे उघडून इस्त्री करावी, एका बाजूला पाडू नये. उघडलेल्या शिलाईवरून जाताना सुईला एक थर कमी लागतो. उरलेल्या १५-१६ इंचांच्या लांब पट्टीतून अडीच इंची गोट काढले की चारही कडा होऊन वर कापड शिल्लक राहतं.

अंथरताना तळ उलटा (छपाईची बाजू जमिनीकडे), चारही कोपऱ्यांवर वजन, सुरकुती निघेल इतकाच ताण. वर थर घालून मध्यापासून कडेकडे वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. मग दर चार ओळींनंतर गोधडी उलटवून तळ बघायचा, आणि जिथे टाका खाली पोचला नाही तिथे तेवढीच ओळ तेव्हाच उसवायची. कॅम्ब्रिकवर उसवलेल्या जागी पाण्याचा हात फिरवून नख घासलं की भोकं मिटतात, आणि पहिल्या गोधडीत उसवावं तर लागतंच.

म्हणून मोठ्या गोधडीला, हातानं शिवणार असाल तर, मी कॅम्ब्रिककडे झुकेन आणि घरातलं पातळ आत भराला ठेवीन. ज्यांच्याकडे चांगलं टिकलेलं पातळ आहे त्यांनी ते तळाला लावलं तर चूक म्हणणार नाही. बाळाच्या दुपट्याला मात्र माझं मत उलटं आहे. ३६ बाय ३६ इंचांचं दुपटं काठ काढलेल्या पातळातून एकाच तुकड्यात निघतं, जोड नाही, भर हलका, आणि कोवळ्या अंगाला नवं कापड लावण्यापेक्षा पन्नास वेळा धुतलेलं सूत कधीही बरं. फक्त पातळाचा मधला, न विरलेला भाग निवडा आणि पेज घालून शिवलेलं दुपटं बाळाला द्यायच्या आधी दोनदा साध्या पाण्यात धुवा.